शिट्टी हाती घेण्यापूर्वी

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडूंवर प्रेक्षकांची नजर खिळलेली असते. तेविसाव्या माणसाकडे लोकांचे लक्ष जाते ते बहुधा त्याचा एखादा निर्णय न पटल्यावरच. हा तेविसावा माणूस म्हणजे पंच. त्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत आणि त्याच्या गळ्यात हारही पडत नाही. तरीही तो नसेल तर सामना होऊ शकत नाही. उरते ती नुसती धावाधाव.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावे येथील लहान मुलांनाही पाठ असतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा, मुलगा आणि नातू एकाच ओळीत बसून सामना पाहतात. अशा गावात खेळाचे वय संपलेल्या माणसाला मैदान पुन्हा हाक मारते, यात नवल नाही. पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, पण खेळाची जाण शाबूत असते. मग कुणी हौशी पंचाचे प्रशिक्षण घेतो, नियमांची परीक्षा देतो आणि एक दिवस शिट्टी खिशात घालून घरी येतो. घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो तेव्हा.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय घेण्याचे कारण हेच. उतारवयात नव्याने पंच होऊ पाहणाऱ्यांनी शरीराची आणि मनाची तयारी कशी करावी, आणि त्यांच्या कुटुंबीयांनी काय करावे, याविषयी आज लिहीत आहे.

दोघांचेही म्हणणे खरे

पोस्टातून निवृत्त झालेले एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ बरीच वर्षे माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. तरुणपणी ते पेठेच्या संघातून खेळत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे घराबाहेर पडणे हळूहळू थांबले. सकाळचे वर्तमानपत्र, दुपारची झोप आणि संध्याकाळचा दूरदर्शन संच एवढ्यातच दिवस सरू लागला. अशातच एका जुन्या सोबत्याच्या आग्रहावरून त्यांनी पंचांच्या प्रशिक्षणाला नाव दिले, सतराही नियम पाठ केले आणि लेखी परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. शालेय सामन्यांसाठी त्यांना बोलावणे आले, तेव्हा त्यांची सून त्यांना घेऊन माझ्याकडे आली.

“डॉक्टर, आता तुम्हीच समजावा मामंजींना,” ती म्हणाली. “बीपीच्या गोळ्या चालू आहेत. उन्हात पळताना पडले तर? आणि मैदानात लोक काय काय बोलतात हो पंचाला. या वयात ते कशाला ऐकून घ्यायचं?”

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला अमक्या वाजता अमक्या ठिकाणी या, म्हणून सांगितलंय.”

सुनेची काळजी खरी होती आणि सासऱ्यांची गरजही तितकीच खरी होती. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर एकटेपणा आणि निष्क्रियता हेही रोगांना आमंत्रण देणारेच घटक आहेत. घरी बसवून ठेवलेला वृद्ध सुरक्षित असतो, हा समज बरोबर नाही. त्याच्या मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो, भूक मंदावते, झोप उडते आणि एके दिवशी तो घरातल्या घरात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडतो. उलट, तयारीशिवाय मैदानात उतरणे हाही अविचारच. म्हणून मी त्या दिवशी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तीन महिन्यांची मुदत मागितली. त्या तीन महिन्यांत आम्ही जे केले, ते इतरांनाही उपयोगी पडेल.

पंचाला किती धावावे लागते?

मोठ्या व्यावसायिक सामन्यात मुख्य पंच ९० मिनिटांत साधारण ९ ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यात चालणे, मंद धावणे, मध्येच वेगाने धाव घेणे, आडवे सरकणे आणि पाठीमागे जाणे हे सगळे येते. आंतरराष्ट्रीय पंचांच्या क्षमता चाचणीत ७५ मीटर धावणे आणि २५ मीटर चालणे हा क्रम ४० वेळा, म्हणजे एकूण ४,००० मीटर, ठरलेल्या वेळेत पूर्ण करावा लागतो. ही चाचणी ज्येष्ठ हौशी पंचासाठी नाही. मात्र तिच्यावरून या कामाचे स्वरूप कळते. पंचाचे धावणे प्रभातफेरीसारखे एका संथ लयीचे नसते. तो थांबतो, सुटतो, वळतो, पुन्हा थांबतो. हृदयावर आणि पोटरीवर ताण येतो तो या अचानकपणाचा.

यावर खेळाच्या जाणकारांनी फार पूर्वीच एक तोड काढली आहे. पंचाने चेंडूमागे न धावता मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेच्या आसपास राहावे आणि उरलेल्या बाजू दोन साहाय्यक पंचांनी सांभाळाव्यात, ही ती पद्धत. ती रूढ करणारे सर स्टॅन्ले राऊस हे इंग्लंडमधील शाळामास्तर होते. १९३८ साली त्यांनी फुटबॉलचे नियम नव्याने सुसूत्र मांडले आणि पुढे ते जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. नव्या पंचाला माझा आग्रह असा की, ही तिरकी चाल आधी कागदावर आणि मग रिकाम्या मैदानावर गिरवावी. योग्य जागी उभा असलेला पंच कमी धावतो आणि जास्त पाहतो.

आधी तपासणी

पन्नाशी ओलांडलेल्या कुणीही शिट्टी हाती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी. रक्तदाब, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे कार्य आणि हृदयाचा आलेख एवढ्या तपासण्या सर्वांनी कराव्यात. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर ट्रेडमिलवरील ताण चाचणी आणि हृदयाची सोनोग्राफी यांचा विचार डॉक्टर करतील. विश्रांतीत काढलेला आलेख निर्दोष आला म्हणजे धावतानाही हृदय निर्दोष राहील, असे गृहीत धरू नये.

पुढील लक्षणे असतील तर तपासणी होईपर्यंत सराव थांबवावा: चालताना छातीत दाब किंवा जळजळ, जबडा वा डावा हात भरून येणे, पूर्वी सहज चढता येणाऱ्या जिन्यावर लागणारा दम, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण होणारी धडधड. “पित्त झाले असेल” असे म्हणून ही लक्षणे सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सवय धोक्याची आहे.

डोळ्यांची आणि कानांचीही तपासणी करावी. ऑफसाइडचा निर्णय देताना दूरचा खेळाडू आणि जवळची रेषा दोन्ही स्पष्ट दिसावी लागतात. दुहेरी किंवा बहुकेंद्री चष्म्यातून खाली पाहताना जमीन पुसट दिसते आणि पाऊल चुकते. त्यामुळे मैदानासाठी दूरच्या नंबरचा, न फुटणाऱ्या काचांचा, पट्ट्याने घट्ट बसणारा वेगळा चष्मा करून घ्यावा. कानांच्या बाबतीत शिट्टीचा आवाज विसरू नये. जवळून मोजल्यास तो १०० डेसिबलच्या पुढे जातो. शिट्टी कुणाच्याही कानाजवळ वाजवू नये, बंदिस्त सभागृहात सराव करू नये आणि सामन्यानंतर कानात सतत गुणगुण होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

बारा आठवड्यांची तयारी

पहिले चार आठवडे केवळ चालणे. आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे, अशा गतीने की सोबत्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. ही ‘बोलण्याची कसोटी’ घड्याळापेक्षा सोपी आणि विश्वासार्ह आहे. ज्यांना नाडी मोजायची सवय आहे त्यांनी २२० मधून आपले वय वजा करावे. ६१ वर्षांच्या माणसासाठी हा आकडा १५९ येतो आणि सुरुवातीच्या सरावात नाडी त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे मिनिटाला ९५ ते ११९ च्या दरम्यान असावी. हा अंदाज ढोबळ आहे, हे ध्यानात ठेवावे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात एक मिनिट मंद धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असा क्रम दहा वेळा करावा. हे एक दिवसाआड. मधल्या दिवशी पायांना बळ देणारे व्यायाम करावेत. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे आणि सावकाश खाली आणणे, १५ वेळा, तीन आवर्तने. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, १० वेळा. आणि ओट्याजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे. वयस्कर पंचाची पोटरी आणि टाचेमागची शीर हे सर्वांत लवकर दुखावणारे भाग आहेत. टाचा उचलण्याचा साधा व्यायाम त्यांचे रक्षण करतो.

नवव्या आठवड्यापासून दिशा बदलण्याचा सराव घ्यावा. आडवी पावले, अर्धे वळण, थांबून पुन्हा सुटणे. पाठीमागे धावणे मात्र ज्येष्ठांनी टाळावे. मागचा खड्डा दिसत नाही आणि मनगट किंवा खुबा मोडण्याचे प्रसंग असेच घडतात. मागे जायचे असेल तर वळून चार पावले चालावे आणि पुन्हा खेळाकडे तोंड करावे. प्रत्येक सरावापूर्वी आणि सामन्यापूर्वी दहा ते पंधरा मिनिटे अंग गरम करणे अनिवार्य समजावे. जोडे गवताला किंवा कृत्रिम हिरवळीला साजेसे असावेत. नवे जोडे थेट सामन्यात घालू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत. पंचगिरीची ही तयारी त्या चौकटीत नेमकी बसते. पुढे शिट्टी हाती आली नाही तरी ही मेहनत वाया जात नाही.

औषधे आणि मैदान

औषधे घेणाऱ्यांनी हा परिच्छेद जपून वाचावा. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्या घेणाऱ्याने नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, बोलण्याच्या कसोटीवर विसंबावे. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात शरीर लवकर कोरडे करतात. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर धावल्यावर एकदम उतरू शकते. त्यांनी सामन्यापूर्वी साखर मोजावी, ती १०० पेक्षा कमी असेल तर काही खाऊन मगच उतरावे आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर चेंडूचा जोरदार मार किंवा पडणेही महागात पडते. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मैदानात उभे राहू नये.

गोळ्यांच्या वेळा कधी बदलाव्यात हे डॉक्टरांनी ठरवावे. “आज सामना आहे, म्हणून गोळी नको” हा निर्णय स्वतः घेऊ नये. तसेच सामन्याआधी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी खाण्याची काहींना सवय असते. रक्तदाब असलेल्या, घामाने कोरड्या पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला ती इजा करू शकते. शिवाय वेदना ही शरीराची शिट्टी आहे. ती दाबून टाकल्यास इजा वाढते.

उन्हाविषयी वेगळे सांगायला नको. सामन्याच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्यावे, मध्यंतरात मिठा-साखरेचे पाणी किंवा ओआरएस घ्यावे. नियमांनी स्पर्धेच्या आयोजकांना पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा आणि शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा विराम ठेवण्याची मुभा दिली आहे. तो विराम ठरवून घेण्यात पंचाने संकोच करू नये. त्यात खेळाडूंचेही हित आहे. वळवाच्या दिवसांत मेघगर्जना ऐकू आली की खेळ थांबवून सर्वांना पक्क्या छपराखाली न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे वाट पाहावी. झाडाखाली कुणालाही उभे राहू देऊ नये.

बोल ऐकण्याची तयारी

शरीराची तयारी तीन महिन्यांत होते. मनाच्या तयारीला अधिक वेळ लागतो. नव्या पंचाला पहिल्याच सामन्यात कळते की, निर्णय बरोबर असला तरी अर्धे मैदान नाराज होते. वयाने वडील माणसाला एरवी कुणी उलटून बोलत नाही. येथे सोळा वर्षांचा मुलगा हातवारे करतो आणि त्याचा बाप कुंपणापलीकडून ओरडतो. हा त्रास आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये २०२३ साली हौशी सामन्यांतील पंचांच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग करावा लागला. २०२४ पासून, फक्त कर्णधारानेच पंचाशी बोलावे अशी पद्धत स्पर्धांना लागू करता येते. आपल्या शालेय आणि गल्लीच्या स्पर्धांतही नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना हे सांगून ठेवावे. निम्मे वाद तेथेच मिटतात.

राग आला की हृदयाचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. पंचाचा रागही याला अपवाद नाही. यावर उपाय साधे आहेत. शिट्टी वाजवल्यावर दोन पावले मागे सरकावे, म्हणजे घोळका अंगावर येत नाही. निर्णय सांगण्यापूर्वी एक श्वास सावकाश सोडावा. कारण एकदाच, थोडक्या शब्दांत सांगावे. त्यानंतर खेळ पुन्हा सुरू करावा, कारण चालू खेळात भांडण टिकत नाही. झालेल्या चुकीची भरपाई दुसऱ्या बाजूला झुकते माप देऊन कधीही करू नये. त्याने एकाच्या दोन चुका होतात.

पिवळे आणि लाल कार्ड ही कल्पना केन अ‍ॅस्टन या इंग्रज पंचाची. तेही शिक्षकच होते. १९६६ च्या विश्वचषकातील गोंधळानंतर रस्त्यावरील सिग्नलचे दिवे पाहून त्यांना ती सुचली आणि १९७० च्या विश्वचषकात ती प्रथम अमलात आली. भाषा न कळणाऱ्यालाही निर्णय कळावा, हा तिचा हेतू. नव्या पंचाने कार्ड रागाने उगारू नये. ते शांतपणे दाखवले की समोरचाही लवकर शांत होतो.

सामना संपल्यावर एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आज नीट दिलेला एक निर्णय, शंका वाटलेला एक निर्णय आणि ज्येष्ठ पंचाला विचारायचा एक प्रश्न. लिहून झाले की वही मिटावी. रात्री अंथरुणावर तोच पेनल्टीचा प्रसंग मनात घोळत राहिला तर झोप जाते आणि झोप गेली की सकाळी रक्तदाब वाढलेला असतो. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनाही ही वहीची सवय मी सुचवतो. त्यांनाही दिवसभर निर्णय घ्यावे लागतात, त्यांनाही बोल ऐकावे लागतात आणि त्यांच्यासाठीही टाळ्या वाजत नाहीत.

एखादा कोसळला तर

नियमांनुसार एखाद्या खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असे वाटताच पंच खेळ थांबवू शकतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या सामन्यात ख्रिस्टियन एरिक्सन हा खेळाडू कुणाचाही धक्का न लागता कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावले. छातीवर दाब देण्यात आले, विजेचा झटका देण्यात आला आणि एरिक्सन वाचला. पुढे हृदयात बसवलेल्या यंत्रासह तो पुन्हा मैदानावर उतरला.

आपल्या गावातील शालेय सामन्यात डॉक्टरांचे पथक नसते. तेथे पहिला प्रतिसाद पंचाचाच असतो. धक्का न लागता कोसळलेला, हाकेला ओ न देणारा आणि नीट श्वास न घेणारा माणूस दिसला की हृदय थांबले आहे असेच समजावे. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. डोक्याला मार लागलेला खेळाडू गोंधळलेला दिसला, त्याला वांती झाली किंवा तो अडखळू लागला, तर “मी ठीक आहे” असे तो म्हणाला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. नियमांबरोबर हे प्रथमोपचार हातांनी करून शिकलेला पंच मी अधिक पात्र मानतो.

पुढे काय झाले

ते गृहस्थ तीन महिने नेमाने चालले आणि धावले. ताण चाचणी समाधानकारक आली. चौथ्या महिन्यात त्यांनी बारा वर्षांखालील मुलांचा, वीस-वीस मिनिटांचा पहिला सामना चालवला. रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या नाहीत आणि त्या सुटाव्यात ही माझी अपेक्षाही नव्हती. दुपारची झोप मात्र आपोआप गेली आणि रात्रीची परत आली. एका सामन्यात उत्तरार्धात पोटरीत कळ आली, तेव्हा त्यांनी खेळ थांबवून शिट्टी राखीव पंचाच्या हाती दिली आणि लंगडत बाहेर येऊन बसले. नंतर सून मला म्हणाली, “ते स्वतःहून बाहेर आले ना डॉक्टर, तेव्हा माझी काळजी गेली.” बाहेर येणे कळणाऱ्या माणसाला आत जाऊ देण्याची भीती वाटत नाही.

कुटुंबीयांनी काय करावे

प्रथम, ‘परवानगी’ हा शब्द सोडावा. वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना तपासणी, सराव आणि वेळ यांवर बोलावे. पहिल्या काही सामन्यांना घरातील कुणीतरी सोबत जावे. त्यांच्या पिशवीत पाणी, ओआरएस, टोपी, साखर, एक सुके फळ, जादा मोजे आणि औषधांची नावे, रक्तगट व घरचा फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा. शिट्ट्या दोन, घड्याळे दोन, पेन्सिली दोन. कारण नेमक्या वेळी एक बंद पडते. दिवसाला एकच सामना आणि दोन सामन्यांत किमान दोन दिवसांचे अंतर, ही मर्यादा पहिल्या वर्षी पाळावी. घरी आल्यावर “आज कोण काय बोलले?” असे विचारण्याऐवजी “आज सामना कसा झाला?” असे विचारावे.

ज्यांना धावणे शक्य नाही त्यांनी निराश होऊ नये. सभागृहातील फुटसालमध्ये वीस-वीस मिनिटांचे डाव असतात, चेंडू थांबला की घड्याळ थांबते आणि त्यासाठी मैदानाबाहेर टेबलाशी बसणारा वेळाधिकारी लागतो. २०११ साली इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे ‘चालत खेळायचा फुटबॉल’ ज्येष्ठांसाठी सुरू झाला. त्यात धावणे हाच फाउल, आणि खेळाडूचे एक पाऊल सतत जमिनीवर आहे ना, हे पंच पाहतो. निवासी संकुलाच्या आवारातही तो खेळता येतो. साहाय्यक पंच होणे, गुणपत्रक लिहिणे, मुलांना नियम समजावून सांगणे ही कामेही मोलाची आहेत. बड्या स्पर्धांच्या वाटेवर वयाच्या अटी असतात. शाळा, संकुले आणि माजी खेळाडूंच्या सामन्यांना मात्र जाणत्या माणसांची गरज असते.

आणि जे वाचक केवळ प्रेक्षक म्हणून पायऱ्यांवर बसतात, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्या नातवाच्या विरुद्ध शिट्टी वाजेल, तेव्हा ओरडण्यापूर्वी एक श्वास सावकाश सोडा. तुमचा रक्तदाब आटोक्यात राहील. शिट्टी वाजवणाराही कुणाच्या तरी घरचा वडीलधारा असू शकतो, त्याचाही राहील.